हिल टॉपची मालकीण

इंग्लंडच्या वायव्येला, लेक डिस्ट्रिक्ट नावाच्या डोंगर-तलावांच्या भागात ‘नियर सॉरी’ नावाचं एक छोटंसं गाव आहे. त्याच्या शेजारी ‘फार सॉरी’. नावांवरून जोक मारायचे तर मारून घ्या, तिथे जाणारा प्रत्येक जण मारतो. गंमत अशी की विंडरमिअर तलावाकडून आलात तर ‘फार’ आधी लागतं आणि ‘नियर’ नंतर. नावं ठेवणारी मंडळी पलीकडच्या हॉक्सहेड गावातून अंतर मोजत होती, एवढंच.

तर या नियर सॉरीत एक जुनं शेतघर आहे, हिल टॉप. भिंतींना खडबडीत करडा गिलावा, छपराला स्लेटच्या दगडी चकत्या, दारापुढे स्लेटच्याच उभ्या-आडव्या फरशा जोडून केलेला इवलासा पोर्च. घरापर्यंत जाणाऱ्या लांब पायवाटेच्या दोन्ही बाजूंना फुलं आणि भाज्या एकमेकांत मिसळून वाढलेल्या. फोटोत पाहिलं तर सगळं एका दमात बांधल्यासारखं दिसतं. पण नीट बघा. घराचा एक भाग नंतर जोडलेला आहे, आणि त्याच्या भिंतीवर एक पाटी आहे. पाटीवर तीन अक्षरं आणि एक साल : एच. बी. पी., 1906.

हेलन बिअॅट्रिक्स पॉटर. पीटर रॅबिटवाली. (नाही, हॅरीची कुणी नाही.) निळा कोट घातलेला तो ससा तुम्ही लहानपणी पुस्तकात पाहिला असेल, नाहीतर अलीकडे सिनेमात. त्याची निर्माती म्हणून ती जगाला माहीत आहे. पण मला विचाराल तर तिच्या आयुष्यातला सगळ्यात धाडसी उद्योग ससा नव्हता, हे घर होतं.

लंडनमध्ये केन्सिंग्टन भागात, 2, बोल्टन गार्डन्स या पत्त्यावर 28 जुलै 1866 रोजी तिचा जन्म झाला. घर श्रीमंत. दोन्हीकडच्या आजोबांनी लँकेशायरकडच्या कापडधंद्यात पैसा केलेला. वडील रूपर्ट बॅरिस्टर, पण कोर्टात फारसे गेले नाहीत. क्लब, फोटोग्राफी आणि चित्रप्रदर्शनं यांत रमले. आई हेलन कडक शिस्तीच्या. घराचा वरचा मजला म्हणजे मुलांचं जग. बिअॅट्रिक्सला शाळेत घातलं नाही, गव्हर्नेस घरी येऊन शिकवायच्या. मित्र-मैत्रिणी जवळपास नव्हत्याच. सहा वर्षांनी धाकटा असलेला भाऊ बर्ट्रम हाच काय तो सवंगडी.

मग या दोघांनी वरच्या मजल्यावर प्राण्यांचं संस्थानच उभं केलं. ससे, उंदीर, साळिंदराचा लहान भाऊ शोभेल असा हेजहॉग, वटवाघळं, सरडे, बेडूक. काही राजरोस, काही लपवून. प्राणी जिवंत असेपर्यंत त्यांची चित्रं काढायची, मेला की त्याचा सांगाडा स्वच्छ करून त्याचीही चित्रं काढायची. ऐकायला अघोरी वाटेल, पण पीटर रॅबिटचा कोट काढून टाकला तर आतला ससा हुबेहूब ससाच का दिसतो, याचं उत्तर त्या सांगाड्यांत आहे.

पंधराव्या वर्षाच्या आसपास तिनं डायरी लिहायला घेतली, तीही स्वतः बनवलेल्या सांकेतिक लिपीत. तिशीपर्यंत ती लिहीत राहिली. ही लिपी फोडायला एका चाहत्याला, लेस्ली लिंडरला, अनेक वर्षं लागली. 1958 मध्ये कोडं सुटलं तेव्हा तिला जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

दर उन्हाळ्यात पॉटर कुटुंब तीन-तीन महिने लंडनबाहेर मुक्कामाला जायचं. आधी बरीच वर्षं स्कॉटलंड, मग 1882 मध्ये पहिल्यांदा लेक डिस्ट्रिक्ट. तिथे हार्डविक रॉन्स्ली नावाच्या पाद्रीबाबांशी ओळख झाली. हा माणूस प्रार्थनेइतकाच डोंगर वाचवण्याच्या मागे लागलेला. पुढे 1895 मध्ये ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यानं नॅशनल ट्रस्ट ही संस्था काढली. 1896 च्या उन्हाळ्यात पॉटर मंडळी नियर सॉरीत एका मोठ्या घरात राहिली आणि ते गाव बिअॅट्रिक्सच्या मनात भरलं ते कायमचं.

मधल्या काळात ती अळंब्यांच्या मागे लागली होती. सुंदर चित्रं तर काढलीच, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे बीजाणू रुजवून पाहिले, निरीक्षणं लिहिली आणि शोधनिबंध तयार केला. 1 एप्रिल 1897 रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत तो मांडला गेला. तिनं नाही मांडला. बायकांना त्या सभेत प्रवेशच नव्हता, म्हणून क्यू उद्यानातल्या जॉर्ज मॅसी यांनी तिच्या वतीनं मांडला. नंतर तो मागे घेण्यात आला आणि कधी छापला गेला नाही. शंभर वर्षांनी, 1997 मध्ये, त्या सोसायटीनं आपलं वागणं चुकलं हे कबूल केलं. उशीर म्हणजे किती उशीर!

विज्ञानाचं दार असं बंद झालं. दुसरं दार आधीच किलकिलं होतं, पण ते दार आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्या आधीच्या गव्हर्नेसचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता. सप्टेंबर 1893 मध्ये तिनं त्याला स्कॉटलंडहून एक सचित्र पत्र पाठवलं. चार ससे, त्यातला एक वात्रट. सात-आठ वर्षांनी तिनं ते पत्र परत मागून घेतलं, गोष्ट वाढवली आणि प्रकाशकांकडे पाठवली. नकारामागून नकार. मग डिसेंबर 1901 मध्ये स्वतःच्या पैशांनी 250 प्रती छापल्या. आजच्या भाषेत सेल्फ-पब्लिशिंग. त्यानंतर फ्रेडरिक वॉर्न अँड कंपनी तयार झाली, चित्रं रंगीत करा एवढ्या अटीवर. ऑक्टोबर 1902 मध्ये ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ बाजारात आलं आणि वर्ष संपायच्या आत 20 हजारांहून जास्त प्रती छापाव्या लागल्या.

ती इथेच थांबली नाही. 1903 मध्ये तिनं पीटरची कापडी बाहुली स्वतः शिवून तिचं पेटंट घेतलं. मग वॉलपेपर, बोर्ड गेम. कार्टून कॅरॅक्टरचं मर्चंडाइज ही गोष्ट आज आपल्याला सवयीची आहे, पण त्या काळी हे डोकं एका अविवाहित, आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या, चारचौघांत बुजणाऱ्या बाईचं होतं.

वॉर्न कंपनीत तिचं काम पाहायचा नॉर्मन वॉर्न, मालकांच्या घरातला सगळ्यात धाकटा भाऊ. पत्रं रोजची झाली. एका पुस्तकासाठी तिला बाहुलीघरातलं खोटं जेवण हवं होतं, तर यानं खेळण्यांच्या दुकानातून प्लॅस्टरचं हॅम वगैरे आणून पाठवलं. जुलै 1905 मध्ये नॉर्मननं पत्रातून लग्नाची मागणी घातली. ती 39 वर्षांची व्हायला आली होती. आईवडील भडकले. मुलगा धंदेवाईक घरातला, म्हणजे आपल्या तोलामोलाचा नाही. (स्वतःचा सगळा पैसा कापडधंद्यातून आलेला, हे सोयीस्कर विसरून.) तिनं ऐकलं नाही, अंगठी घातली. आणि महिनाभरात, 25 ऑगस्ट 1905 रोजी, रक्ताच्या आजारानं नॉर्मन गेला. वय 37. ती तेव्हा कुटुंबाबरोबर वेल्समध्ये होती. शेवटची भेटही झाली नाही.

साखरपुडा जाहीरच झाला नव्हता, त्यामुळे दुःख करायलाही उघड परवानगी नव्हती. बोल्टन गार्डन्समध्ये पुन्हा तेच रुटीन : आईची कामं, वडिलांची तब्येत, नोकरांची व्यवस्था.

त्याच शरद ऋतूत तिनं हिल टॉप विकत घेतलं. पुस्तकांचं मानधन आणि नात्यातल्या एका बाईंकडून वारशानं आलेली थोडी रक्कम, असा तो पैसा. 34 एकर जमीन, गोठे, फळबाग आणि ते जुनं घर. गावात कुजबुज झाली की लंडनच्या बाईनं बाजारभावापेक्षा बरेच जास्त मोजले. ते खरंच होतं, आणि तिला कळल्यावर ती खट्टूही झाली. पण सौदा झाला होता.

आता त्या घराकडे जरा निवांत बघू या, कारण खरी मजा इथे आहे.

लेक डिस्ट्रिक्टमधली शेतघरं आर्किटेक्टनं कागदावर काढलेली नसतात. सतराव्या शतकात, विशेषतः त्याच्या उत्तरार्धात, इथल्या स्वतःची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांच्या हातात जरा पैसा खुळखुळू लागला आणि त्यांनी लाकूड-मातीची जुनी घरं पाडून दगडी घरं बांधली. दगड शेजारच्या टेकडीचा, स्लेट जवळच्या खाणीची. जाड भिंती, लहान खिडक्या, पावसाच्या झडीसाठी बाहेरून चुन्याचा खडबडीत गिलावा. छपरावर स्लेटच्या मोठ्या चकत्या खाली, वळचणीजवळ, आणि जसजसं वर जावं तसतशा लहान लहान. नुसता दिसायचा प्रश्न नाही : खाणीतून जे जे निघेल ते सगळं वापरायचं आणि जड माल भिंतीच्या जवळ ठेवायचा, असा तो हिशेब.

आत मुख्य खोली एकच. तिला स्थानिक बोलीत नुसतं ‘हाउस’ म्हणायचे, कारण घर म्हणजे तीच. तिथे मोठी चूल, म्हणजे उघडी शेगडी, आणि वर माणूस आत उभा राहील एवढं रुंद धुराडं; त्यात मांस टांगून धुरावर टिकवायचे. चुलीशेजारच्या भिंतीत मीठ-मसाला कोरडा राहावा म्हणून छोटं कपाट. पलीकडे मालक-मालकिणीची निजायची खोली, आणि मध्ये भिंतीऐवजी बऱ्याचदा भलंमोठं ओकचं कपाट. या कपाटावर किंवा दारावरच्या दगडात साल कोरायचं आणि त्याबरोबर तीन अक्षरं : वर आडनावाचं, खाली नवऱ्याचं आणि बायकोचं. कुणी, कोणत्या वर्षी संसार मांडला याची ती नोंद.

मग पिढ्या बदलतात तशी घरं बदलतात. अठराव्या शतकात शेतकऱ्यालाही शहरी थाट हवासा वाटतो, म्हणून एक ‘पार्लर’ येतं. हिल टॉपमध्ये ते आहे : लाकडी तावदानांनी मढवलेल्या भिंती आणि एवढ्याशा शेतघरात चक्क संगमरवरी, नक्षीदार शेकोटी. कुणा पूर्वीच्या मालकानं पाहुण्यांसमोर ऐट मिरवायला केलेला खर्च असणार तो. शेतघराच्या मानानं भारदस्त वाटणारा लाकडी जिना आहे, मध्यावर वळणारा, वळणावर खिडकी असलेला. एकोणिसाव्या शतकात उघड्या चुलीच्या जागी बिडाची काळी कुळकुळीत रेंज येते. म्हणजे 1905 मध्ये बिअॅट्रिक्सच्या हाती जे घर आलं ते ‘मूळ’ घर नव्हतंच. त्यात आधीच्या तीन शतकांनी आपापली भर घालून ठेवली होती.

आणि उंदीर. घरात उंदरांचा सुळसुळाट होता. भिंती जाड, मधल्या पोकळ्या जुन्या, धुराड्याच्या आसपास बोळकांड्या. उंदरांना याहून चांगला फ्लॅट कुठे मिळणार?

अडचण आणखी एक होती. शेत बघायला माणूस हवा. आधीपासून तिथे असलेला जॉन कॅनन हा शेतकरी चांगला होता, त्याला बायको आणि दोन मुलं. त्यांना काढून टाकायची तिची इच्छा नव्हती. शेतीतलं तिला तेव्हा काहीच कळत नव्हतं आणि ते ती जाणून होती. पण एकाच घरात मालकीण आणि कॅनन कुटुंब कसं राहणार? शिवाय तिला तिची अशी एक खोली, एक टेबल, एक दार हवं होतं, जे तिच्या परवानगीशिवाय उघडणार नाही. चाळिशीला टेकलेल्या त्या बाईकडे तोवर असं दार एकही नव्हतं.

सोपा मार्ग होता : स्वतःसाठी नवा, झकास बंगला बांधायचा आणि जुनं घर कॅननना द्यायचं. श्रीमंत उन्हाळी पाहुणे विंडरमिअरच्या काठाने तेच करत होते. तिनं उलटं केलं. जुनं घर स्वतःकडे ठेवलं आणि कॅननसाठी त्याला लागूनच नवा, दोन मजली भाग बांधला. स्वयंपाकाचा, चुलीचा, दूधदुभत्याचा सगळा राबता तिकडे. आराखडे तिनं स्वतः काढले. नवा भाग जुन्यापेक्षा उंच मिरवणार नाही, गिलावा तसाच, छप्पर तसंच. काम चालू असताना ती गावातल्या लोहाराच्या घरी भाड्याने राहायची आणि रोज गवंड्यांच्या डोक्यावर जाऊन उभी राहायची. लंडनहून सुटका मिळायची ती जेमतेम काही आठवड्यांची, त्यामुळे उरलेलं काम पत्रांवर.

उंदरांसाठी दारांच्या तळाला जस्ताचे पत्रे ठोकले, भिंतींच्या पायथ्याला सिमेंट भरलं. कॅननबाईंनी शांतपणे जाहीर केलं की आता चार-पाच मांजरं आणावी लागतील. या दोन बायकांचं चांगलं जमत असावं.

नवा भाग उभा राहिला आणि तिनं परंपरेप्रमाणे त्यावर पाटी लावली. तीन अक्षरं आणि साल. पण वर सांगितलं ते आठवा. गावातल्या जुन्या दगडांवर तीन अक्षरं म्हणजे आडनाव, नवरा, बायको. इथे तिन्ही अक्षरं एकटीचीच. तिनं मुद्दाम केलं की तिच्या नावात योगायोगानं तीन शब्द होते म्हणून झालं, हे शोधत बसण्यात अर्थ नाही. पण वर्षभरापूर्वी याच बाईचं लग्न मोडून नव्हे, तर मरणानं संपलं होतं, हे माहीत असलं की ती पाटी नुसती पाटी राहत नाही.

बाग तिनं जवळजवळ शून्यापासून केली. पायवाट आखून घेतली, फरशा घातल्या. गावातल्या बायका येता-जाता आपल्या बागेतली जादा रोपं देऊ लागल्या. नव्या माणसाला गावानं आपलं म्हटल्याची ही सगळ्यात खरी खूण. रोपांच्या बाबतीत तिचा स्वतःचा हातही अगदी स्वच्छ नव्हता. कुणी टाकून दिलेलं झुडूप उचलून आणायला ती कमी करत नसे.

पुढची सात-आठ वर्षं तिच्या हातून जे काही उतरलं त्यात हे घर सगळीकडे आहे. ‘टॉम किटन’मध्ये (1907) तो पोर्च, तो जिना, ती बागेतली वाट. ‘जेमिमा पडल-डक’मध्ये (1908) हिल टॉपचं अंगण, कॅननबाई आणि त्यांची मुलं. आणि 1908 मध्येच ‘द रोली-पोली पुडिंग’, जे पुढे ‘सॅम्युएल व्हिस्कर्स’ या नावानं ओळखलं गेलं. माझ्या मते हे तिचं सगळ्यात भन्नाट पुस्तक. मांजरीचं पिल्लू टॉम धुराड्यात चढतं, आत भिंतीतली वाट सापडते, आणि तिथे राहणारं उंदराचं जोडपं त्याला कणकेत गुंडाळून लाटण्यानं लाटायला घेतं! मुलांना घाबरवणारी, धमाल गोष्ट. पण ती एका जुन्या घराचा सर्व्हेही आहे. रेंज कुठे, कपाट कुठे, जिन्याचं वळण कसं, तक्तपोशीखाली किती जागा, चूल बदलली तरी मागचं रुंद धुराडं तसंच कसं राहतं. शेवटी सुतार कुत्रा येऊन फळ्या उचकटतो तेव्हा आपण 1906 मधलं खरंखुरं बांधकामच बघत असतो.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपण म्हणतो. तिनं याच क्रमानं केलं. 1909 मध्ये तिनं हिल टॉपसमोरचं, रस्त्यापलीकडचं कॅसल फार्म घेतलं. जमिनीच्या कागदपत्रांसाठी हॉक्सहेडचा वकील विल्यम हीलिस मदत करायचा. उंच, शांत, फारसा न बोलणारा माणूस. जमिनींच्या सीमा आणि पाण्याच्या वाटा यांवर बोलता बोलता 1912 मध्ये त्यानं मागणी घातली. आईवडिलांनी परत नाक मुरडलं, गावाकडचा वकील! या वेळी भाऊ बर्ट्रम मदतीला आला, तोही काय थाटात : आपलं लग्न होऊन 11 वर्षं झाली आहेत, हे त्यानं घरच्यांना तेव्हा सांगितलं. स्कॉटलंडमध्ये शेती करत तो गुपचूप संसार करत होता. यापुढे आईवडील काय बोलणार? 15 ऑक्टोबर 1913 रोजी लंडनमध्ये लग्न झालं. नवरी 47 वर्षांची.

आता इथे एक निर्णय आहे, जो मला फार आवडतो. लग्नानंतर ती हिल टॉपमध्ये राहायला गेली नाही. दोघांचा संसार कॅसल कॉटेजमध्ये थाटला, तेही वाढवून, दुरुस्त करून. हिल टॉप तसंच ठेवलं. रोज कुरण ओलांडून ती तिकडे जायची. लिहायला, चित्रं काढायला, हिशेब करायला, किंवा नुसतं बसायला. आजूबाजूच्या शेतघरांचे लिलाव व्हायचे तेव्हा ओकची जुनी कोरीव कपाटं, पेट्या, खुर्च्या शहरातले व्यापारी उचलून न्यायचे. ती त्यांच्यावर बोली चढवायची आणि वस्तू हिल टॉपमध्ये आणून ठेवायची. वरच्या मजल्यावर ‘न्यू रूम’मध्ये बर्ट्रमनं रंगवलेली मोठमोठी निसर्गचित्रं लावली. नॉर्मननं आणलेलं ते बाहुल्यांचं जेवणही जपून ठेवलं. विल्यमची त्याला हरकत असल्याचं कुठे दिसत नाही.

लग्नानंतर पुस्तकं कमी झाली. डोळे थकले होते आणि मन मेंढ्यांत होतं. पत्ता आता मिसेस हीलिस असा. अंगावर लोकरीचा जाडाभरडा घागरा, पायात लाकडी तळव्यांचे बूट, पावसात खांद्यावर पोतं. 1923 मध्ये तिनं ट्राउटबेक पार्क हे जवळजवळ दोन हजार एकरांचं डोंगरी शेत घेतलं आणि हर्डविक मेंढ्या पाळल्या. करड्या, काटक, याच डोंगरांच्या. या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या आपापला डोंगर ओळखतात, कुंपण लागत नाही. कळप एकदा मोडला तर ती ओळख पैशानं परत आणता येत नाही. म्हणून शेत विकलं जाताना कळप फुटू नये, हा तिचा ध्यास. 1930 मध्ये मोंक कॉनिस्टन ही प्रचंड इस्टेट विक्रीला आली तेव्हा तुकडे पडून बंगले उभे राहतील या भीतीनं तिनं सगळीच घेऊन टाकली, अर्धी मूळ किमतीत नॅशनल ट्रस्टला दिली आणि त्यांच्या वतीनं पुढची काही वर्षं व्यवस्थाही पाहिली. ट्रस्टच्या लोकांवर ती समाधानी असायची असं नाही. कुठलं झाड तोडू नये, कुठल्या भिंतीला कसला गिलावा हवा, याबद्दल तिची मतं ठाम होती आणि ती मनात ठेवायची तिला सवय नव्हती.

याच इस्टेटीतलं यू ट्री फार्म. तिथल्या भाडेकरू कुटुंबाला मंदीच्या दिवसांत चार पैसे मिळावेत म्हणून तिनं पार्लर आपल्या संग्रहातल्या जुन्या फर्निचरनं सजवून तिथे चहाची खोली सुरू करून दिली. म्हणजे जुनं घर जपायचं तर त्यातल्या माणसाचं पोटही चाललं पाहिजे, हे तिला पक्कं कळत होतं. 2006 मध्ये तिच्यावर ‘मिस पॉटर’ सिनेमा निघाला, तेव्हा पडद्यावर हिल टॉप म्हणून दाखवलेलं घर हेच यू ट्री फार्म. पडद्यावरची हिल टॉपही शेवटी तिच्याच मालकीच्या घरांतून निघाली.

1943 मध्ये हर्डविक मेंढीपालकांच्या संघटनेनं पुढच्या वर्षासाठी तिला अध्यक्ष निवडलं. पहिली बाई. पण पद हाती यायच्या आधी, 22 डिसेंबर 1943 रोजी, कॅसल कॉटेजमध्ये ती गेली. महायुद्ध चालू होतं, थंडी कडाक्याची. तिची रक्षा टॉम स्टोरी या तिच्या मेंढपाळानं हिल टॉपच्या वरच्या डोंगरात नेऊन विखुरली. जागा कुणाला सांगायची नाही असं ठरलं होतं.

चार हजार एकरांहून जास्त जमीन आणि डझनाहून अधिक शेतं नॅशनल ट्रस्टला मिळाली. अटी होत्या : डोंगरी शेतांवर हर्डविक मेंढ्याच राहतील. आणि हिल टॉपमधल्या तिच्या खोल्या भाड्याने द्यायच्या नाहीत, जसं ठेवलं तसं ठेवायचं.

1946 पासून हिल टॉप लोकांसाठी खुलं आहे. घर इतकं लहान आहे की एका वेळी थोडीच माणसं आत सोडता येतात, म्हणून तिकिटावर वेळ छापलेली असते. आत उजेड कमी. ठिकठिकाणी तिची छोटी पुस्तकं उघडून ठेवलेली असतात, ज्या पानावर ती जागा आहे त्याच पानावर. लोक एकदा चित्राकडे बघतात, एकदा समोर. जिन्याच्या वळणावर थोडी गर्दी होते. पुस्तकात तिथून एक म्हातारा उंदीर लाटणं घेऊन निघालेला आहे, आणि पोरं त्या खिडकीखाली वाकून तो अजून आहे का ते बघत असतात.